न आलेल्या वादळांचं वर्ष

आमच्याकडे चावदिसाला पोहे विकत आणायचे नसतात. चावदिस म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून आंघोळ, तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट, ते छोटं कडू फळ, फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' ओरडायचं आणि मग पोहे. गुळातले, दह्यातले, दुधातले, फोडणीचे, शेजारी काळ्या वाटाण्याची उसळ. पण ते पोहे त्या वर्षीच्या भाताचे हवेत. दसरा-दिवाळीच्या मधे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापायचं, झोडायचं, त्यातलं थोडं भिजवून, भाजून गिरणीवर न्यायचं. पूर्वी घरच्या वायनातच, म्हणजे उखळात, कांडत. नव्या भाताच्या पोह्यांना एक कच्चा, दुधासारखा वास असतो. मुंबई-ठाण्यातली आमच्याकडची माणसं दिवाळीला गावी धडपडत जातात त्यात या वासाचा वाटा बराच आहे, फराळाचा तेवढा नाही.

२०१९ च्या चावदिसाला, २७ ऑक्टोबरला, आईने देवगडच्या बाजारातून पोह्यांची प्लास्टिकची पिशवी मागवली. आमचं भात तेव्हा पाण्यात होतं.

गंमत म्हणजे त्या वर्षी आमच्याकडे वादळ आलंच नाही. कोणालाही विचारा. कोकणात वादळं मोजायची झाली तर लोक २००९ चं फयान सांगतात, २०२० चं निसर्ग सांगतात, २०२१ चं तौक्ते सांगतात. २०१९ कोणी सांगत नाही. आणि तरी अरबी समुद्राच्या इतिहासात ज्या वर्षाची नोंद जाड अक्षरात करावी लागते ते हेच. हवामान खात्याच्या हिशेबाने अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एक चक्रीवादळ होतं. २०१९ मध्ये पाच झाली. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. याआधी एका वर्षात पाच झाल्याची नोंद शोधायला थेट १९०२ पर्यंत मागे जावं लागतं.

मी हवामानशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बँकेत काम करते. पण फयानच्या वेळी आमच्या वाडीतल्या एका घरासमोर तीन दिवस बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तेव्हापासून मला हवामान खात्याची पत्रकं वाचायची सवय लागली आहे. काही लोक राशिभविष्य वाचतात, तसं. २०१९ मध्ये या सवयीचं व्यसन झालं.

वर्षाची सुरुवातच विचित्र होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाबुक नावाचं वादळ थायलंडच्या आखातातून चालत अंदमान समुद्रात आलं. जानेवारी हा आपल्याकडे वादळांचा महिनाच नाही. मग एप्रिलच्या शेवटी फणी. हे नाव बांगलादेशने दिलेलं, बंगालीत त्याचा अर्थ नाग. आपल्याकडे फणी म्हणजे केस विंचरायची, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांनी ते फनी, फॅनी, फोनी असं काय वाटेल ते छापलं. ३ मे रोजी ते पुरीजवळ किनाऱ्याला धडकलं. त्याआधी ओडिशाने सुमारे बारा लाख माणसं हलवली होती. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती, फणीत चौसष्ट. हा वीस वर्षांतला फरक ओडिशाने कमावलेला आहे, आणि त्याबद्दल आपण महाराष्ट्रात फार कमी बोलतो. पण फणी बंगालच्या उपसागरातलं. वादळं तिकडची असतात, आपल्याकडे फक्त त्यांच्या बातम्या येतात, अशी आपली एक जुनी समजूत. ती चुकीचीही नव्हती. पूर्वीच्या नोंदींत तिकडे चार वादळं झाली की इकडे एक, असंच प्रमाण असायचं. अरबस्तानातून येणारी कोरडी हवा आणि तुलनेने थंड पाणी यांमुळे आपल्या समुद्रात वादळाचं पीक नीट येत नसे.

जूनमध्ये वायू आलं. आलं म्हणजे, आलं नाही. केरळात पाऊस आधीच उशिरा, ८ जूनला पोचला होता. वायूने पश्चिम किनाऱ्यावरचं बाष्प स्वतःकडे ओढून घेतलं आणि मोसमी पावसाची चाल आणखी मंदावली. गुजरातने लाखो माणसं हलवली, पोरबंदर-वेरावळकडे सगळ्यांचे डोळे लागले, आणि किनाऱ्याशी येऊन वायूने तोंड फिरवलं. समुद्रात गेलं, तिथून पुन्हा वळलं, आणि कच्छकडे पोचेपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं. मुंबईत पाऊस स्थिरावायला २५ जून उजाडला. त्या दिवसांत दादाने पेरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, उन्हात पिवळा पडत होता. म्हणजे त्या वर्षी आमच्या भाताची पहिली खोडी एका न आलेल्या वादळानेच काढली, हे मला फार नंतर सुचलं.

नंतर पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. देशभरात सरासरीच्या ११० टक्के, १९९४ नंतरचा सर्वांत जास्त. परतीचा प्रवास सुरू झाला ९ ऑक्टोबरला. इतका उशीर नोंदीत नव्हता. दसरा ८ ऑक्टोबरला होता. सोनं वाटायला लोक छत्र्या घेऊन बाहेर पडले. मधे सप्टेंबरात हिक्का ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आपटलं, त्याची इकडे कोणी दखल घेतली नाही, मीही दोन ओळी वाचून सोडून दिल्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर चार-पाच दिवस ऊन पडलं. दादाने आभाळाकडे बघितलं, शेजाऱ्याकडे बघितलं, आणि विळा काढला. अठरा गुंठे हळवं भात त्याने आणि वहिनीने कापलं. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच आडवं सुकू द्यायचं, मग भारे बांधून खळ्यावर आणायचं, झोडायचं, ही नेहमीची रीत.

२४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले. टीव्हीवर १०५, ५६, ५४, ४४ हे आकडे गरगर फिरत होते, सत्तेत कोण बसणार यावर सगळे तज्ज्ञ एकाच वेळी बोलत होते. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत होती, त्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झाल्याचं लिहिलं होतं. त्याच दिवशी गोव्यात दोनापावलाला, राजभवनाच्या पायथ्याशी, एक मानवविरहित जहाज येऊन खडकावर अडकलं. नु शी नलिनी त्याचं नाव. पोटात दोन हजार टनांहून जास्त नाफ्ता, म्हणजे चटकन पेट घेणारं तेल, वर एकही माणूस नाही. खवळलेल्या समुद्राने ते मुरगावहून ढकलत आणलं होतं. पुढे कित्येक आठवडे गोव्याच्या राजकारणाला त्याने खाद्य पुरवलं.

मी २५ तारखेला, धनत्रयोदशीला, कणकवलीला उतरले. एसटी देवगडकडे निघाली तेव्हा वायपर चालत नव्हता आणि कंडक्टर दाराशी उभा राहून चालकाला रस्ता सांगत होता. देवगड बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला. खाडीत बोटीच बोटी. आपल्याकडच्या, गुजरातच्या, कर्नाटकच्या, तमिळनाडूच्या. दक्षिणेतल्या खलाशांना उतरून बाजारात यावं लागलं होतं, आणि देवगडचे दुकानदार त्यांच्याशी जी हिंदी बोलत होते ती ऐकण्यासारखी होती. किनारपट्टीच्या खालच्या गावांत उधाणाचं पाणी अंगणांत शिरलं होतं. तिकडे मुंबईपासून लांब समुद्रात बुडणाऱ्या एका बोटीवरच्या सतरा मच्छीमारांना नौदलाच्या आयएनएस तेगने उचललं. 

हे सगळं होत असताना वादळ रत्नागिरीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर होतं, आणि आमच्यापासून दूर निघालेलं होतं. त्याचं नाव क्यार. म्यानमारने दिलेलं, अर्थ वाघ. अंगण ओलांडून मागच्या दाराने निघून जाणारा वाघ.

२७ तारखेला, आम्ही विकतचे पोहे खात होतो त्या दिवशी, हवामान खात्याने क्यारला महाचक्रीवादळ म्हणून जाहीर केलं. ही सर्वांत वरची पायरी. अरबी समुद्रात याआधी ती फक्त २००७ च्या गोनूने गाठली होती. ताशी २४० किलोमीटर वारा, केंद्रातला दाब ९२२ हेक्टोपास्कल. मी आईला हा आकडा सांगितला तेव्हा ती चुलीपाशी ओली लाकडं फुंकत होती. तिला त्यात काही रस नव्हता.

आता इथे एक गोष्ट मला अजून गमतीची वाटते. हा ताशी २४० चा वारा प्रत्यक्षात कोणीच मोजलेला नाही. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमानं घालतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. आपण उपग्रहातून ढगांचा आकार बघतो, डोळा किती गोल आहे, भोवतीचे ढग किती थंड आहेत, आणि त्यावरून ठरवून दिलेल्या पद्धतीने वाऱ्याचा अंदाज बांधतो. ही पद्धत चांगली आहे, अनुभवाने पारखलेली आहे. पण उपग्रह नसता तर? मी १९०२ चा विचार करते. त्या वर्षी पाच वादळं मोजली गेली ती किनाऱ्यावर आदळली म्हणून, किंवा एखादं जहाज त्यात सापडलं आणि त्याच्या कप्तानाने दाबमापकाचे आकडे लिहून ठेवले म्हणून. क्यारसारखं भर समुद्रात जन्मून, वाढून, भर समुद्रातच संपलेलं वादळ १९०२ मध्ये कोणाच्या वहीत किती उतरलं असतं? कदाचित नुसतं 'जोराचा वारा, खवळलेला समुद्र' एवढंच. आणि देवगडच्या एखाद्या शेतकऱ्याने म्हटलं असतं की यंदा दिवाळीत पाऊस फार झाला. त्यामुळे १९०२ चे पाच आणि २०१९ चे पाच हे सारखे पाच आहेत असं मी मानत नाही. जुन्या पाचांच्या मागे न दिसलेली किती होती, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

पाऊस उघडला तेव्हा दादा मला शेतावर घेऊन गेला. भात आडवं पडलेलं, घोट्याएवढ्या पाण्यात. लांबून ते हिरवंगार दिसत होतं आणि मला क्षणभर बरं वाटलं. कापलेलं भात हिरवं कसं असेल, हा प्रश्न जवळ जाईपर्यंत पडला नाही. दाण्यांना कोंब आले होते. लोंबीच्या लोंबी रुजलेल्या, बोटभर लांब. दादाने एक मूठ उचलली, पिळली, परत टाकली. तो काही बोलला नाही. पेंढा काळा पडायला लागला होता. आईची पहिली चिंता भाताची नव्हतीच, रेशनवर तांदूळ मिळतो, पण गुरांना वर्षभर काय घालायचं?

क्यार संपतंय तोवर महा. लक्षद्वीपच्या आसपास ३० ऑक्टोबरला त्याचं चक्रीवादळ झालं आणि एक-दोन दिवस अरबी समुद्रात दोन चक्रीवादळं एकाच वेळी फिरत होती. असं दृश्य या समुद्राच्या नोंदीत पहिल्यांदाच. उपग्रहाचं ते चित्र मी मोबाइलवर जपून ठेवलं आहे, ओमानकडे एक भोवरा, केरळच्या अंगाला दुसरा. महा हे नाव ओमानचं, अरबीत तो एक हरिणासारखा प्राणी. पण मराठीत त्याने जो गोंधळ घातला तो विचारू नका. 'महा चक्रीवादळ' आणि 'महाचक्रीवादळ' यांतला फरक एका रिकाम्या जागेचा. क्यार हे महाचक्रीवादळ होतं पण महा नव्हतं, महा हे महा होतं पण महाचक्रीवादळ नव्हतं. आमच्या शाखेतल्या एका ग्राहकाला मी हे समजावलं, तर तो म्हणाला, मॅडम, सरकार कोणाचं येणार ते सांगा. महाही गुजरातकडे वळलं, पालघरच्या शाळांना सुट्ट्या मिळाल्या, आणि सौराष्ट्राजवळ पोचता पोचता ते विरून गेलं. पुन्हा न आलेलं वादळ.

नोव्हेंबरात बुलबुल सुंदरबनात उतरलं. डिसेंबरात पवन सोमालियाला गेलं. भारताने वायू दिलं होतं, श्रीलंकेने पवन, म्हणजे दोघांनी एकच शब्द सुचवला म्हणायचा. आठ देशांनी आठ-आठ नावं देऊन केलेली जुनी यादी या हंगामात शेवटच्या रांगेपर्यंत आली. पुढच्या मे महिन्यात अम्फानने ती संपवली, आणि नव्या यादीतलं पहिलं नाव होतं निसर्ग. ते मात्र ३ जून २०२० ला खरोखर रायगडात उतरलं.

हे असं का झालं याचं एक उत्तर हिंदी महासागराच्या दोन टोकांत आहे. काही वर्षी आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं आणि इंडोनेशियाकडचं थंड. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. २०१९ मध्ये तो फारच बळावला होता. गरम टोक आपल्या बाजूला. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम पाणी लागतं, तेही नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. त्या शरदात ते इथे भरपूर होतं. त्याच डायपोलने पूर्व आफ्रिकेत पूर आणले आणि ऑस्ट्रेलियातली जंगलं इतकी सुकवली की ती महिनोन्महिने जळत राहिली. दुसरं उत्तर एका वर्षापुरतं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अरबी समुद्रातली वादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरातली थोडी घटली. कोरड्या हवेचा आणि थंड पाण्याचा तो जुना अडसर आता तेवढा भरवशाचा राहिलेला नाही.

आणि एक लांबचा धागा आहे, तो मला कळला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन वादळं अरबस्तानच्या दक्षिणेला उतरली. जिथे माणूस राहत नाही अशा वाळवंटात तळी साचली, आणि ओल्या वाळूत टोळांची पिढ्यान्पिढ्या पैदास झाली. २०१९ च्या शेवटी पवनने सोमालियात पाऊस पाडून त्यांना आणखी कुरण दिलं. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून अमरावती-नागपुरात पोचली. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात लोक टाळेबंदीतही बाहेर पडून थाळ्या आणि पत्रे बडवत होते. मोर्शीच्या शेतकऱ्याने आयुष्यात समुद्र पाहिला असेल-नसेल. चक्रीवादळग्रस्तांच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव नाही.

आमचं नाव होतं, पण वेगळ्या रकान्यात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंचनामे सुरू झाले. राज्यात नवं सरकार आलं नव्हतं, पण पंचनामे झाले, हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आलेला माणूस भला होता, चिखलात चप्पल हातात घेऊन बांधावर उभा राहिला. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं. दादा म्हणाला, वादळ.

"वादळ खंय इला? ता ओमानाक गेला मा!" तो म्हणाला आणि त्याने 'अवकाळी पाऊस' लिहिलं.

खरं तर क्यार ओमानलाही गेलं नव्हतं. ओमानच्या वाटेवरून दक्षिणेला वळून सोमालियाच्या बाजूला समुद्रातच विझलं होतं. ते कुठेच 'आलं' नाही. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "भाताक काय नकाशो कळता?"

पैशांत काही फरक पडला नसता, हेही खरं. राष्ट्रपती राजवट लागल्यावर १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, फळबागांना १८,०००, दोन हेक्टरपर्यंत. अठरा गुंठ्यांचे होतात दीड हजारांच्या आत. पीक विम्यात तेव्हा कापून शेतात सुकत घातलेल्या पिकाचं नुकसान चौदा दिवसांपर्यंत धरत, चक्रीवादळाचा पाऊस असो की अवकाळी. फक्त बहात्तर तासांत कळवावं लागे. त्या बहात्तर तासांत लक्ष्मीपूजन होतं, पाडवा होता, भाऊबीज होती, आणि मोबाइलला रेंज नव्हती. दादाने विमा काढलाच नव्हता, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता सुटला.

तरी त्या रकान्यातला शब्द माझ्या मनातून जात नाही. हवामान खात्याच्या नकाशावर वादळाची एक रेघ असते, ठिपक्यांना ठिपके जोडून काढलेली. ती रेघ किनाऱ्याला जिथे टेकते ते वादळाचं गाव. बातमीदार तिथे जातात, मंत्री तिथे जातात. क्यारची रेघ आमच्यासमोरून निघून समुद्रातच संपते. पण वादळ म्हणजे रेघ नव्हे, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा. मधे जे रुजलं, कुजलं, वाहून गेलं, ते सगळं अवकाळी. पोरका शब्द आहे तो. ज्याला आईबाप सापडत नाहीत असा पाऊस.

दादा आता गरवं भात जास्त लावतो, उशिरा तयार होणारं. हळवं फक्त पोह्यांपुरतं, चार गुंठे. आणि दर ऑक्टोबरात कापणीच्या आधी मला ठाण्याला फोन करतो. गेल्या वर्षीही केला.

"गो, खंय काय फिरता काय?"

मी लॅपटॉप उघडला, पत्रक वाचलं. लक्षद्वीपाजवळ कमी दाबाचा पट्टा होता. म्हटलं, "एक आसा, पण तो वायव्येक जातलो. आपल्याकडे येवचो नाय."

"येवचो नसलो तर नसांदे," दादा म्हणाला. "पाऊस घालतलो काय, ता सांग."